आधी शेवटचं शेत

माझ्या माहेरी, धुळ्याकडे, नदीवर एक जुना दगडी बंधारा आहे. तो कोणी बांधला हे गावात कोणालाच सांगता येत नाही आणि त्यावाचून कोणाचं अडतही नाही. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि पाटावर गावाचे चार फड आहेत. फड म्हणजे अनेकांच्या शेतांचा मिळून एक सलग तुकडा. एका फडात एका वेळी एकच पीक घ्यायचं, मग शेत कोणाचंही असो. आणि पाणी कोणी आपल्या हाताने घ्यायचं नाही. गावाने नेमलेला पाटकरी ते देतो, आणि सुरुवात करतो ती पाटाच्या टोकाच्या शेतापासून. शेवटचं शेत आधी भिजतं, मग त्याच्या वरचं, मग त्याच्याही वरचं. पाटाच्या तोंडाशी ज्याचं शेत असेल त्याचा नंबर सगळ्यांत शेवटी. पाणी त्याच्या बांधाला घासून पुढे जात असतं, पण त्याने नुसतं बघायचं.

पाटाच्या तोंडाशी आमचं शेत आहे.

लहानपणी मला या गोष्टीचा फार राग यायचा. आमचा गहू माना टाकायला लागलेला असायचा आणि पाटातून पाणी खळखळत दुसऱ्यांच्या शेतात चाललेलं असायचं. मी एकदा चिडून पाटाच्या बांधाला टाचेने भोक पाडलं होतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते चिखलाने बुजवलं आणि मला घरी नेऊन पाठीत एक धपाटा घातला. मग भाकरी खाताना म्हणाले, "वरलाले काय, पानी तोंडम्होरेच शे. खाललाना इचार पयले करना पडस." वरच्याने खालच्याचा विचार आधी करायचा, हे मला तेव्हा पटलं नाही. खरं तर अजूनही पूर्ण पटलेलं नाही.

पाण्याचा हा नियम गावाने बोलण्यालाही लावून ठेवला आहे. फडाची बैठक मारुतीच्या पारावर बसते. तिथे टोकाच्या शेतवाल्याने आधी बोलायचं आणि तोंडाशी शेत असलेल्याने सगळ्यांत शेवटी. आबा फडाचे पंच, म्हणून शेवटी बोलणारे, आणि त्यातून तोंडाशी शेत असलेले, म्हणजे दुप्पट शेवटचे. मी त्यांना बैठकीत तीन-तीन तास तोंड मिटून बसलेलं पाहिलं आहे. परक्या माणसाला वाटेल, या म्हाताऱ्याला काही म्हणायचंच नाही.

हे एवढं सगळं आधी सांगितलं, कारण त्या दिवशी मंगल कार्यालयात जे झालं ते याच्यामुळेच झालं.

माझं लग्न धरणगावच्या बाजूला झालं. तिकडे कापूस, कोरडवाहू, आणि उन्हाळ्यात दारापुढे टँकर. नोकरी जळगावला एका सरकारी कार्यालयात, लघुलेखक म्हणून. अधिकारी बोलतात, मी टाइप करते. वीस वर्षांत मी इतकी इतिवृत्तं लिहिली आहेत की माणूस बोलायला उभा राहिला की तो कुठल्या वाक्याला अडखळणार ते मला आधी कळतं.

काही वर्षांपूर्वी आमच्या नदीचं पाणी वळवायचं ठरलं. आमच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला नदी अडवायची आणि पावसाळ्यातलं जादा पाणी कालव्याने पूर्वेकडे, अमळनेर, धरणगावच्या बाजूला न्यायचं. जादा म्हणजे किती आणि ते जादा आहे असं कोणी ठरवलं, सगळा वाद तिथेच होता. माझ्या सासूबाईंना बातमी कळली त्या दिवशी त्या हसून म्हणाल्या, "घ्या, सूनबाईने आंदणात भांडी आणली होती, आता नदी आणते आहे." मीही हसले. मग मोरीत जाऊन हंडा घासत बसले, आणि बराच वेळ घासत राहिले. टँकरमागे धावताना सासूबाईंचा गुडघा कायमचा दुखावला आहे, तो मी रोज शेकते. त्यांना पाणी मिळू नये असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार होते?

पण प्रकल्पाचा अहवाल बाहेर आला तेव्हा माझं डोकं फिरलं. त्यात आमच्या गावाबद्दल एकच वाक्य होतं. बंधारा व पाट वापरात नसल्याचे आढळले. झालं होतं असं, की पाहणी करणारे लोक भर मे महिन्यात आले. त्या महिन्यात आमचा पाट मुद्दाम बंद असतो. घरटी एक माणूस फावडं घेऊन पाटात उतरतो आणि वर्षाचा गाळ काढतो. पाहणीवाल्यांना कोरडा पाट दिसला, त्यात खोदणारी माणसं दिसली, आणि त्यांनी लिहून टाकलं की पाट बुजलेला आहे. ज्या दिवशी सगळं गाव पाटात उभं होतं, त्याच दिवसाच्या जोरावर पाट मेला असं ठरवलं गेलं. आणि जो पाट वापरातच नाही त्याच्यासाठी नदीत पाणी कोण सोडणार?

त्यावर जाहीर सुनावणी लावली गेली. तिथे आपला पाट चालू आहे असं आबांनी सांगायचं, असं गावाने ठरवलं. फडाची पाळीची वही दाखवायची, ज्यात कोणत्या दिवशी कोणाचं शेत भिजलं ते पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलेलं आहे, आणि अर्ज तिथेच सर्वांसमोर हातात द्यायचा. आधी टपालाने का पाठवला नाही, असं मी फोनवर विचारलं. आबा म्हणाले, टपालाचा कागद टेबलाच्या कोणत्या कप्प्यात जातो ते तुला माहीत आहे, मला कशाला विचारतेस.

सुनावणीच्या दोन दिवस आधी ज्या लघुलेखकाची नेमणूक झाली होती तो तापाने आडवा झाला. प्रकल्प दोन जिल्ह्यांचा, त्यामुळे आमच्या कार्यालयातून माणूस मागवला आणि माझं नाव लागलं. धुळ्याकडे जाताना गाडीत सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी मागे न बघता विचारलं, "आपल्यातलं कोणी या गावांपैकी नाही ना? नंतर उगाच बोंबाबोंब नको." ड्रायव्हर नाही म्हणाला, सोबतचा कारकून नाही म्हणाला. मी बोलण्याआधी साहेबांचा फोन वाजला. हे खरं आहे, पण पुरेसं खरं नाही. तो फोन चार मिनिटांत संपला होता आणि धुळं यायला अजून तासभर होता. माझं आडनाव सासरचं, कागदावर माझ्या माहेराचा कुठे पत्ता नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला तिथे असायचं होतं. आपल्या माणसाचं बोलणं दुसऱ्या कोणी दोन ओळींत गुंडाळू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

सुनावणी तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात होती. नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या कोपऱ्यात सरकवून तिथे साहेबांचं टेबल मांडलं होतं. बाजूला माझं छोटं टेबल आणि लॅपटॉप. खाली खच्चून माणसं. डाव्या बाजूला कालवा हवा असणारे, उजव्या बाजूला नको असणारे, आणि मध्ये पोलिसांची एक रांग. कोणी सांगितलं नसताना लोक आपोआप असे बसले होते. उजवीकडे पाचव्या रांगेत मला आबांची टोपी दिसली. मांडीवर कापडात बांधलेली वही. भोवती आमच्या गावचे तीस-चाळीस जण. त्यांनीही मला पाहिलं, आणि आमच्या शेजारच्या घरातल्या काकूने पदराआड हसून घेतलं. तिने मला लहानपणी पायावर घेऊन न्हाऊ घातलेलं आहे.

साहेबांनी माइकवर नियम सांगितले. एकेकाने पुढे यायचं, नाव-गाव सांगायचं, बोलायचं. मी लिहिणार. शेवटी लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं जाईल, त्यावर सही होईल आणि तेच वर जाईल. "जे गाव आज बोलणार नाही, त्याची हरकत नाही असं धरलं जाईल," ते म्हणाले. मी आबांकडे पाहिलं. ते मान डोलावत होते.

पहिला तास बरा गेला. मग डावीकडची एक बाई बोलायला उठली. अमळनेरजवळच्या कुठल्याशा वस्तीवरची. तिच्या सुनेला दिवस गेलेले असताना टँकरच्या रेटारेटीत ती पडली होती. बाई रडली नाही, मोठ्याने बोलली नाही, फक्त सांगत गेली. उजवीकडून कोणीतरी शिट्टी मारली आणि डावीकडचे शंभर लोक एकदम उभे राहिले. खुर्च्या पडल्या, पोलिसांनी काठ्या आडव्या धरल्या. मी त्या बाईचं एक वाक्य सोडलं नाही. माझ्या सासूचं बोलणं लिहावं तसं लिहिलं.

त्यानंतर खालच्या बंधाऱ्यांची गावं बोलू लागली. नदीवर आमच्या खाली आणखी सहा बंधारे आहेत. पाचांची माणसं आली, बोलली, पुन्हा जागेवर बसली. आबा हलले नाहीत. अगोदर मला वाटलं, त्यांना धाप लागली असेल. मग वाटलं, गर्दीला बिचकले असतील. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नदीवर आमचा बंधारा सगळ्यांत वरचा. सगळ्यांत खालच्या बंधाऱ्याचं गाव अजून आलंच नव्हतं. ते येऊन बोलल्याशिवाय आबा तोंड उघडणार नव्हते. सरकारी सुनावणीत ते फडाची पाळी पाळत बसले होते.

चहासाठी दहा मिनिटं सुटली. मी कप हातात घेऊन खाली उतरले आणि आबांच्या खुर्चीजवळून जाताना थांबले.

"आबा, आते बोला. टाइम संपी जाई."

"खालला गावना लोके येवाना शेतस. त्यास्ना टेम्पो वाटम्हा बंद पडी गया. त्या बोलतीन, मंग मी."

"ही पाटनी पाळी नही शे, आबा."

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजूनही टाचेने भोक पाडणारी पोरगी आहे. "पानीनीच गोठ शे ना, बेटा," ते म्हणाले.

मला इतका संताप आला की कप तिथेच आदळावासा वाटला. आयुष्यभर दुसऱ्यांना आधी दिलं, आता गावाचं गाव कागदावरून पुसलं जातंय आणि हे टेम्पोची वाट बघत बसलेत. पण तिथे भांडता येत नव्हतं. दोन खुर्च्यांपलीकडे निळ्या शर्टातला एक माणूस उभा होता, गळ्यात ओळखपत्र. ज्या संस्थेने तो अहवाल तयार केला होता तिचा तो माणूस. तो चहा पीत आमच्याकडे बघत होता. मी वर निघून आले.

चहानंतर डावीकडचे आणखी काही लोक बोलले. मग साहेबांनी विचारलं, "आणखी कोणी?" कोणी उठलं नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि पुन्हा विचारलं. आमच्या गावचे सगळे आबांकडे बघत होते आणि आबा दाराकडे. दारात एक पोलीस आणि पलीकडे ऊन, बाकी काही नव्हतं. "शेवटचं विचारतो," साहेब म्हणाले. मी लॅपटॉपवर बोटं ठेवून बसले होते. साहेबांनी टेबलावर पेन आपटलं. "सुनावणी संपली. मॅडम, वाचून दाखवा."

वाचायच्या आधी साहेबांनी मला एक ओळ सांगितली आणि मी ती टाइप केली. उर्वरित गावांतून कोणीही हरकत घेतली नाही. त्याच्यापुढे गावांची नावं लिहायची होती. दोन नावं होती, एक सगळ्यांत खालचं आणि एक सगळ्यांत वरचं. माझ्या गावाचं नाव मी स्वतःच्या हाताने त्या ओळीत घातलं. लिहिताना हाताला काही झालं नाही, हेच मला नंतर जास्त लागलं.

मी उभी राहिले आणि वाचू लागले. पंचवीस-तीस मिनिटं वाचलं असेल. माझा आवाज सरकारी आहे, त्यात चढउतार नसतो, लोक पेंगतात. त्या ओळीपाशी आले. खालच्या गावाचं नाव वाचलं. पुढचं नाव ओठांवर आलं आणि आवाज बसला. खोकला आल्याचं नाटक केलं, पाणी प्यायले, पुन्हा प्रयत्न केला, नाही जमलं. साहेब वळून बघू लागले.

"साहेब," मी म्हणाले, "या गावचे लोक बसलेले दिसतात. एकदा विचारून घ्यावं. नंतर तक्रार नको."

साहेबांच्या कपाळावर आठी पडली, पण तक्रार हा शब्द त्यांना लागू पडला. त्यांनी माइक ओढून घेतला. "आहे का कोणी या गावचं? असेल तर आत्ता उठा. नाहीतर घरी जा."

आबांनी दाराकडे पाहिलं. मग ते उठले. मी त्यांना ओळखते म्हणून मला दिसलं की त्या उठण्यात केवढं काय होतं. जन्मात पहिल्यांदा ते आपली पाळी नसताना उभे राहिले होते. ते माइकपर्यंत आले आणि म्हणाले, "साहेब, आमच्या आधी खालच्या गावाचं लिहा. ते वाटेत अडकले आहेत. त्यांच्या बंधाऱ्यावर दोन फड आहेत, दोन्हींत सध्या गहू उभा आहे. त्यांचं पाणी तुटलं तर त्यांना प्यायलाही नाही. हे लिहिलं की मग आमचं सांगतो."

हॉलमध्ये डावीकडचे काहीजण हसले. साहेबही हसण्याच्या बेतात होते. तेवढ्यात निळा शर्ट उभा राहिला.

"साहेब, एक हरकत आहे. हे गृहस्थ चहाच्या वेळी मॅडमशी बोलत होते. आता मॅडम यांच्यासाठीच वाचन थांबवतात. या दोघांची ओळख आहे का, हे नोंदवलं जावं. ओळख असेल तर हे निवेदन धरू नये. खरं तर सगळं इतिवृत्तच धरू नये."

डावीकडून एकच कल्ला झाला. बाई विकत घेतली, असं कोणीतरी ओरडलं. मला त्या क्षणी सगळं कळलं. मी मुलगी आहे असं म्हटलं की आबांचं निवेदन गेलं. त्यांचंच नाही, त्या पाच गावांचं गेलं, त्या टँकरवाल्या बाईचंही गेलं. माझी नोकरी जाणार ती वेगळीच. आणि नाही म्हटलं तर शेकडो माणसांसमोर मी माझ्या बापाला नाही म्हणणार होते.

"मॅडम," साहेब म्हणाले, "ओळखता का यांना?"

मी तोंड उघडलं. खरं सांगायला की खोटं, ते मला आजही ठाऊक नाही.

"नाही साहेब," आबा म्हणाले.

ते अधिकाऱ्यांशी बोलताना वापरायच्या त्यांच्या सावध मराठीत बोलत होते. "मी या बाईंना प्यायचं पाणी कुठे आहे ते विचारलं. त्यांनी सांगितलं. मी यांना आधी कधी पाहिलं नाही." त्यांनी माझ्याकडे बोट केलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. आबांनी खोटं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. बैल विकताना सुद्धा ते त्याच्या खोडी आधी सांगायचे आणि आई कपाळावर हात मारून घ्यायची.

साहेबांनी आमच्या गावच्या रांगांकडे पाहिलं. "तुमच्यापैकी कोणी ओळखतं या बाईंना?"

तीस-चाळीस माणसं. त्यात माझा चुलतभाऊ होता, माझ्या वर्गात बसणारे दोघे होते, आणि माझ्या लग्नात ज्याने पंगती वाढल्या तो पाटकरी होता. कोणी कोणाकडे बघितलं नाही, आपसात एक शब्द झाला नाही. मग काकू पदर सावरत उठली.

"नही दादा," ती म्हणाली. "आम्हना गावनी नही शे ती."

बाकीच्यांनी माना हलवल्या. निळा शर्ट थोडा वेळ उभा राहिला आणि बसला. साहेब मला म्हणाले, "घ्या लिहून यांचं. लवकर."

निवेदन घ्यायची एक पद्धत असते. मी ती पाळली. मी माझ्या वडिलांना त्यांचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. गाव विचारलं. वय विचारलं, तेव्हा आबांनी दोन वर्षं कमी सांगितली. त्यांना आपलं वय नीट ठाऊकच नाही, ते आईला आणि मला ठाऊक आहे. मी त्यांनी सांगितलं तेच चुकीचं वय लिहिलं. मग त्यांनी कापड सोडून वही टेबलावर ठेवली, मे महिन्यात पाट कोरडा का असतो ते सांगितलं, कोणत्या दिवशी कोणाचं शेत भिजलं ती पानं दाखवली. मध्ये एकदा अडखळले. मी शब्द पुरवला असता, पण ओळख नसलेली बाई शब्द पुरवत नाही. मी थांबून राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, "बरोबर लिहिलं ना, बाई?"

"हो," मी म्हणाले. "वाचून दाखवते, ऐका."

मी वाचलं. त्या ओळीतून माझ्या गावाचं नाव काढलं आणि खालच्या गावाचंही काढलं. साहेबांनी सही केली.

मी बाहेर आले तेव्हा आमच्या गावचा टेम्पो भरत होता. त्याच वेळी खालच्या गावचा टेम्पो धुरळा उडवत आत शिरला. तिथली माणसं उड्या टाकून उतरली आणि आबा त्यांना काहीतरी समजावत होते. निळा शर्ट फाटकाजवळ फोनवर बोलत उभा होता. मला त्या फाटकातूनच जावं लागणार होतं, म्हणून गेले. माझ्या गावची माणसं दोन्ही बाजूंना होती. कोणी मान वर केली नाही. काकूने तोंड फिरवून टेम्पोच्या दांड्याला धरलं आणि वर चढली. आबा बोलतच राहिले. माझी साडी त्यांच्या हाताला लागली तेव्हा त्यांनी हात बाजूला घेतला, रस्त्यावर कोणालाही वाट करून द्यावी तसा.

संध्याकाळी जळगावला पोचल्यावर मी फोन केला. मला रडायचं होतं, पण आबांनी वेळच दिला नाही. निळा शर्ट गावात येऊन चौकशी करून गेला होता, लगोलग. म्हणाला, इथली एक मुलगी जळगावला सरकारी नोकरीत आहे का? सगळ्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं.

"निकाल लागत नही तवलोंग गावले येवू नको," आबा म्हणाले. "आखाजीले बी नको."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, काय असते ते खानदेशातल्या बाईला सांगायला लागत नाही. सासरी कितीही ओढाताण असो, त्या दिवसांत माहेरी जायचंच. झोका बांधलेला असतो, आमरस असतो, गावच्या सगळ्या पोरी आलेल्या असतात. मी म्हटलं, एवढं काय, निकाल दोन महिन्यांत लागेल. आबा हो म्हणाले. मागून आईचा आवाज येत होता, तिला फोन हवा होता, पण आबांनी तो ठेवून दिला.

अहवाल दुरुस्तीला गेला. आमच्या बंधाऱ्याबद्दलचं वाक्य बदललं, बंधारा व पाट नियमित वापरात आहे असं आता त्यात लिहिलेलं आहे. बाकी काही ठरलेलं नाही. फाईल वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. तीन आखाज्या झाल्या. आई बसच्या ड्रायव्हरकडे डबा देते, पुरणपोळ्यांचा, आणि डब्यावर नाव लिहीत नाही. बसस्टँडवर तो डबा घेताना मी कोणाची कोण ते सांगत नाही, डब्याचा रंग सांगते. गेल्या वर्षी आबा पडले, कमरेचं हाड मोडलं. ते मला बावीस दिवसांनी कळलं. मी निघाले होते. आईने फोनवर शपथ घातली आणि मी चपला काढून परत आत आले.

सासूबाई अजून विचारतात, कधी येतं गं तुझ्या माहेरचं पाणी. तिकडे गाव विचारतं, कधी एकदाचा तो प्रकल्प रद्द होतो. दोन्हीकडची माणसं खरी आहेत, दोघांचीही तहान मी पाहिली आहे. पूर्वी मी मनातल्या मनात दोघांची बाजू मांडत बसायचे, कधी इकडून, कधी तिकडून. आता ते थांबलं आहे. आता सकाळी कार्यालयात टपाल उघडताना मी एकच गोष्ट शोधते, निकालाचा कागद. तो हो म्हणतो की नाही, याने मला काही फरक पडत नाही. नदी वळली तरी चालेल, न वळली तरी चालेल. फक्त निकाल लागू दे आणि मला माझ्या बापाजवळ जाऊ दे. ज्या माणसाने त्या पाण्यासाठी मला ओळखायचं नाकारलं, त्याला हे कधीही कळता कामा नये.